दहा वर्षं थांबा!

एमआरआयच्या आधी कपडे उतरवून जो झगा घालायला देतात, त्याच्या नाड्या पाठीमागे असतात. हे ज्याच्या डोक्यातून निघालं, त्याने स्वतः तो कधी घातला नसणार. माझ्या झग्याची एक नाडी जन्मतःच नव्हती, दुसरी ओढताच हातात आली. मग एका हाताने मागची अब्रू सावरत मी खुर्चीवर बसलो. शेजारी तशाच वेशातले एक गृहस्थ होते. त्यांचे दोन्ही हात मोकळे होते आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं.

"गुडघा?"

"कंबर."

"ऑपरेशन करू नका. दहा वर्षं थांबा. मी थांबलोय ना! गुडघ्यात नवी गादी उगवणार आहे. एक इंजेक्शन, बस्स."

"कधीपासून थांबलाय?"

"झाली असतील वीस-पंचवीस वर्षं. पण आता अगदी जवळ आलंय."

ते केसांसाठीही थांबले होते आणि दातांसाठीही. कवळी करून घेतली नव्हती, कारण दात उगवण्याचं औषध आलं तर कवळीचे पैसे वाया! मी म्हटलं, "या रांगेत तुमच्या पुढे रॉबर्ट बॉइल उभा आहे. वायूंच्या नियमातला तोच. १६६०च्या दशकात त्याने विज्ञानाकडून काय काय हवं याची यादी केली होती. त्यात नवे दात आहेत, तरुणपणीच्या रंगाचे नवे केसही आहेत."

माझा हेतू त्यांना नाउमेद करण्याचा होता. पण ते उजळलेच. "बघा! म्हणजे काम केव्हाच सुरू झालंय!"

अशा माणसापुढे काय बोलणार? तरी बोललो, कारण दुसरा उद्योग नव्हता. १९८४ मध्ये अमेरिकेच्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांनी जाहीर केलं होतं, की एड्सची लस दोनेक वर्षांत चाचणीला तयार होईल. अजून लस नाही. त्याआधी १९२५ मध्ये ह्यूगो गर्न्सबॅक या अमेरिकेतल्या विज्ञान-मासिकाच्या संपादकाने लिहिलं, की पन्नास वर्षांनी डॉक्टर घरबसल्या, यंत्राच्या बोटांनी दूरच्या रोग्याला चाचपून बघेल. माझे डॉक्टर हातभर अंतरावर बसले होते. त्यांनी कंबर चाचपली नाही. मी 'इथे दुखतं' म्हणून दाखवत होतो, तेव्हा ते पडद्याकडे बघून टाइप करत होते.

"कुणाचंच खरं ठरलं नाही का हो?" गृहस्थांनी विचारलं.

ठरलं की. एडवर्ड जेन्नरने १८०१ मध्ये लिहिलं, की लसीकरणाचा शेवट देवीच्या उच्चाटनात होणार. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तसं जाहीर केलं. जेन्नर शहाणा, त्याने तारीख दिली नव्हती. आणि अलेक्झांडर फ्लेमिंग! १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच त्याने बजावलं होतं, की पेनिसिलिन अपुरं घेतलं तर जंतू मरायचे नाहीत, उलट औषधाला तोंड द्यायला शिकतील. अक्षरशः खरं झालं.

"अपुरं म्हणजे?"

"कोर्स अर्धवट सोडणं."

"छे छे, मी सोडत नाही," ते म्हणाले. "बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या नीट डबीत ठेवतो. पुढच्या वेळी होतात."

तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

यंत्र मात्र अचाट. सुरी न लावता माझ्या कमरेचे काप पाडल्यासारखे फोटो काढले. असलं भाकीत बॉइलच्या यादीतही नाही. बाहेर येऊन रिपोर्ट मागितला, तर काउंटरवरची मुलगी मान वर न करता म्हणाली, "वाचणारे डॉक्टर सुट्टीवर आहेत. सोमवारी या." आज बुधवार. मधले दिवस कंबर मी कुठे ठेवायची, ते तिने सांगितलं नाही. पैसे मात्र आधीच, पूर्ण भरून घेतले होते, त्या कामाला कुणी सुट्टीवर नव्हतं.

कृत्रिम बुद्धिमत्तेतले मोठे संशोधक जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये सांगितलं होतं, की रेडिओलॉजिस्ट, म्हणजे हे असले फोटो वाचणारे डॉक्टर, घडवणं आताच बंद करा, पाच वर्षांत, फार तर दहा, संगणक त्यांच्यापेक्षा सरस होईल. हिंटनना २०२४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. मला सोमवार मिळालाय, तोही दुपारी चारनंतर.