कंपनीच्या ट्रक शाळेत नापास झालं तर? एका ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. खाली दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं बरं वाटलं नाही म्हणून वेगळं लिहितोय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत कंपनीच्या खर्चाने चालणाऱ्या ट्रक ड्रायव्हिंग शाळांवर (फी कंपनी भरते, बदल्यात ठरलेला काळ तिच्याकडे काम करायचं) मी मागे लिहिलं होतं, त्यात म्हटलं होतं की पहिल्या टेस्टला नापास झालात तरी खचून जाऊ नका, पुन्हा देता येते. त्यावर ताई म्हणतात की असला धीर देणं सोपं आहे. त्यांच्या दिरांना अशाच एका शाळेने तिसऱ्या आठवड्यात घरी पाठवलं, मागोमाग काही हजार डॉलरचं बिल आलं, आणि करारात लिहिलंय की कोर्टात जायचं नाही. आता त्यांच्या मिस्टरांची नोकरी गेलीय, वय ४७, माझा लेख वाचून ते जायला निघालेत आणि नापास होईन या धास्तीने रात्र रात्र झोपत नाहीत. "नापास झाले तर बिल भरायला तुम्ही येणार का?" हा ताईंचा शेवटचा प्रश्न.

बिल भरायला मी येऊ शकत नाही ताई. पण ते बिल घरी येऊच नये म्हणून निघण्याआधी काय करायचं ते मला माहितीये, ते सगळं इथे लिहितो.

आधी एक गोष्ट वेगळी करू. टेस्टमध्ये नापास होणं आणि कंपनीने घरी पाठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमचे मिस्टर त्या एकत्र करून घाबरतायत असं मला तुमच्या लिहिण्यावरून वाटलं. टेस्ट राज्याच्या नियमाने होते, लायसन्स राज्य देतं, नापास झालात तर लर्नर परमिट काही कोणी काढून घेत नाही, थोडे दिवस थांबून पुन्हा देता येते. कंपनीचं मात्र तसं नाही. नव्या ड्रायव्हरच्या ट्रेनिंगचा केंद्राचा जो नियम ७ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालाय त्यात ट्रक इतके तास चालवलाच पाहिजे असा आकडाच नाही, इन्स्ट्रक्टरला वाटलं पाहिजे की याला जमतंय. म्हणजे एखाद्याला जास्त दिवस द्यायचे की तिसऱ्याच आठवड्यात बसचं तिकीट हातात द्यायचं हे शाळेच्या मर्जीवर. इथे तुमचा राग अगदी बरोबर आहे.

म्हणून खरी काळजी करायची ती सही करायच्या कागदाची. प्रत्येक कंपनीचा करार वेगळा असतो. काही ठिकाणी कंपनीनेच काढलं तर फी माफ, काही ठिकाणी तुम्ही सोडा नाहीतर ते काढोत, पूर्ण रक्कम तुमच्या नावावर आणि वर व्याज. रिक्रूटर फोनवर गोड बोलतो, तो "डोन्ट वरी, एव्हरीबडी पासेस" म्हणेल, त्याला एकच सांगायचं की मला ईमेलवर लिहून द्या. मला टेस्ट जमली नाही किंवा तुम्ही मला घरी पाठवलं तर मी किती पैसे लागतो? राज्याची टेस्ट किती वेळा देऊ देता, दुसऱ्या वेळी फी कोण भरणार आणि ट्रक कोणाचा? नोकरी सोडली तर रक्कम महिन्यागणिक कमी होत जाते की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण राहते? एवढं लिहून द्यायला जी कंपनी टाळाटाळ करते तिथे जाऊ नये, हे मी कुणालाही सांगेन, सख्ख्या भावालासुद्धा. आणि करार पहिल्या दिवशी ओरिएंटेशनमध्ये समोर ठेवतात, घरापासून शेकडो मैलांवर, सगळे सही करत असतात, परत जायला गाडी नसते, तिथे कोण वाचणार! तो आधी मागवा, घरी बसून दोघांनी वाचा.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२६ पासून होणाऱ्या नव्या करारांत "नोकरी सोडलीस तर ट्रेनिंगचे पैसे भर" अशा अटींवर, काही अपवाद सोडून, बंदी आलीय. तुम्ही तिथे नसाल तर त्याचा उपयोग नाही, पण वारं कुठल्या दिशेला वाहतंय ते कळावं म्हणून सांगितलं.

आता तुमच्या दिरांचं. कोर्टात जायचं नाही असं करारात असलं तरी त्यावरून वाट कायमची बंद झाली असं समजू नका. २०१९ मध्ये न्यू प्राइम विरुद्ध ऑलिव्हेरा या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एका ट्रक ड्रायव्हरच्या बाजूने निकाल दिला, तोही अप्रेंटिस म्हणून लागलेला, की ज्या केंद्रीय कायद्याच्या जोरावर कंपन्या अशी प्रकरणं लवादाकडे नेतात तो कायदा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल नेणाऱ्या वाहतूक कामगारांच्या करारांना लागू होत नाही. राज्यांचे कायदे वेगवेगळे आहेत, त्यामुळे दिरांनी त्यांच्या राज्यातल्या कामगार वकिलाला किंवा लीगल एडला (गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणारी संस्था) कागद दाखवावा, बिल आलं म्हणून लगेच क्रेडिट कार्डवर भरून टाकू नये.

आणि त्यांचे ते तीन आठवडे सगळे पाण्यात गेले असंही नाही. थिअरी पूर्ण झाली असेल तर शाळेला ते केंद्राच्या रजिस्ट्रीत दोन कामकाजाच्या दिवसांत नोंदवावं लागतं. ती नोंद त्यांची आहे, कंपनीची नाही. ट्रक चालवायचं ट्रेनिंग ते दुसऱ्या शाळेत घेऊ शकतात, फक्त यार्डातलं आणि रस्त्यावरचं दोन्ही एकाच शाळेत व्हावं लागतं. त्यांना हे कोणी सांगितलं का? बहुतेक नसेल, घरी पाठवताना असलं काही सांगत नाहीत.

आता तुमच्या मिस्टरांच्या भीतीकडे येतो. मी आधी ड्रायव्हर म्हणून आणि नंतर ट्रेनर म्हणून या शाळांच्या यार्डात बराच वेळ काढलाय. लोकांना वाटतं की ५३ फुटी ट्रेलर मागे घेता आला नाही म्हणून माणसं घरी जातात. तशीही जातात, पण बरीच मंडळी तर ट्रकला हात लागायच्या आधीच जातात. मेडिकलमध्ये बीपी १४० वर ९० च्या खाली असेल तर दोन वर्षांचं सर्टिफिकेट मिळतं, त्यावर गेलं की मुदत कमी कमी होत जाते आणि १८० वर ११० ला थेट नकार. आपल्याकडच्या चाळिशी ओलांडलेल्या माणसाचं बीपी, त्यात बसचा रात्रभराचा प्रवास, कोरा चहा... महिनाभर आधी आपल्या डॉक्टरकडून तपासून घ्या. डायबिटीस आहे आणि इन्सुलिन घेतात म्हणून आता कोणी आपोआप बाद होत नाही, २०१८ मध्ये तो नियम बदलला, पण डॉक्टरने भरलेला फॉर्म आणि शुगरच्या नोंदी लागतात. ड्रग टेस्टचं तर विचारूच नका. राज्यात गांजा कायदेशीर असला तरी ट्रक ड्रायव्हरला चालत नाही, झोप येत नाही म्हणून सीबीडीच्या (गांजाच्याच जातीच्या झाडापासून काढलेल्या) गोळ्या घेत असतील तर त्याही बंद करायला लावा, कारण नंतर ते कारण कोणी ऐकत नाही आणि पॉझिटिव्ह निकाल केंद्राच्या क्लिअरिंगहाऊसमध्ये, म्हणजे ड्रायव्हरांच्या ड्रग टेस्टच्या नोंदवहीत, जातो, तिथे प्रत्येक कंपनीला दिसतो. खसखशीमुळे लघवीत मॉर्फिन किंवा कोडीन येऊ शकतं, २०२३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सैनिकांना खसखस टाळायला सांगितलं होतं ते याचसाठी. तेव्हा अनारसे परत आल्यावर. आणि अर्जात जुना अपघात, जुनं चलान लपवू नका, ते रेकॉर्ड निघतंच आणि मग तिसऱ्या आठवड्यातसुद्धा घरी पाठवतात.

हे सगळं घरबसल्या सांभाळता येतं. प्री-ट्रिपचंही तसंच आहे. टेस्टचा पहिला भाग म्हणजे ट्रकच्या भोवती फिरून एकेका भागाला हात लावून बोलून दाखवायचं, इंग्रजीत. दुभाष्या चालत नाही. बॉनेट उघडून स्टिअरिंग गिअर बॉक्सपाशी उभं राहायचं आणि म्हणायचं, "सिक्युअरली माउंटेड, नॉट क्रॅक्ड, बेंट ऑर ब्रोकन, नो लीक्स." स्लॅक अ‍ॅडजस्टर (चाकापाशी असलेला ब्रेकचा दांडा) हाताने ओढून दाखवायचा, एक इंचाच्या वर हलता कामा नये. पुढच्या टायरची नक्षी किमान ४/३२ इंच, बाकीच्यांची २/३२. मग केबिनमध्ये एअर ब्रेक. इंजिन बंद, चावी ऑन, पार्किंग ब्रेकचे दोन्ही नॉब (एक ट्रकचा, एक ट्रेलरचा) आत, काटा स्थिर झाला की ब्रेक पेडल दाबून एक मिनिट धरून ठेवायचं, ट्रेलर जोडलेल्या गाडीला ४ पीएसआयपेक्षा जास्त हवा उतरली नाही पाहिजे. नंतर पेडल पंप करत राहायचं, आधी बझर वाजला पाहिजे, आणि २० ते ४५ च्या मधे कुठेतरी दोन्ही नॉब फटकन बाहेर आले पाहिजेत. यातली एक पायरी विसरली की तिथेच नापास, पुढचं बॅकिंग, रस्ता काही बघत नाहीत. भलेभले चालवणारे इथे पडलेले मी पाहिलेत, कारण त्यांना वाटतं हे काय, पाठांतर तर आहे. आणि तुमच्या मिस्टरांची ताकद नेमकी इथेच आहे ताई, ज्या माणसाने पन्नास वेळा पाठ करून परीक्षा दिल्यात त्याला हे जमणारच. इंग्रजी मोठ्याने बोलायची सवय मात्र आत्तापासून हवी, २५ जून २०२५ पासून रस्त्यावर तपासणीत इंग्रजी येत नाही असं दिसलं तर ड्रायव्हरला तिथेच थांबवतात, म्हणजे हे पाठांतर टेस्टनंतरही कामाला येतं.

बॅकिंग हे खरं अवघड. ट्रेलर डावीकडे न्यायचा तर स्टिअरिंग उजवीकडे, आणि तीस वर्षं कार चालवलेल्या हाताला हे पटत नाही. ते फक्त वारंवार करून येतं, आणि कंपनीच्या शाळेत नेमकी तिथेच अडचण आहे. एका ट्रकला तीनचार जण, एक चालवतो, बाकीचे उन्हात उभे. तरुण पोरं पुढे घुसतात, "मी जातो" म्हणतात. आपली माणसं, खासकरून हुद्द्यावर काम करून आलेली, मागे उभी राहतात. चुकलं की इन्स्ट्रक्टर सगळ्यांदेखत ओरडतो, पंचविशीचा पोरगा हसतो, आणि मग हा माणूस दुसऱ्या दिवशी रांगेत आणखी मागे जातो. दिवसभरात त्याच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटं येतात आणि शुक्रवारी फाइलवर शेरा पडतो, प्रगती नाही. मी हे पुन्हा पुन्हा पाहिलंय आणि दर वेळी जीव तुटलाय, कारण त्या माणसाला ट्रक येत नव्हता असं नव्हतंच, त्याला मागता येत नव्हतं. मिस्टरांना सांगा की जेवणाच्या सुट्टीत ट्रक मोकळा असेल तर विचारायचं, संध्याकाळी थांबायचं, दुसरा चालवत असताना फोन बघायचा नाही, ट्रेलरच्या मागच्या चाकांकडे बघत राहायचं आणि मनात म्हणायचं की आता मी स्टिअरिंग कुठे फिरवलं असतं. शंका आली की थांबायचं आणि खाली उतरून बघायचं, टेस्टमध्येही ठरावीक वेळा ते चालतं. ट्रेलर खुणेच्या प्लास्टिकच्या शंकूवर आदळला तर सगळे हसतील, हसू देत.

तुम्हीही एक करू शकता. मिस्टर मोटेलवर असतील तेव्हा रोज रात्री "आज जमलं का?" असं विचारू नका, राग मानू नका, पण त्या प्रश्नाने माणूस जास्त दबतो. त्याऐवजी प्री-ट्रिपची यादी तुमच्याकडे ठेवा आणि फोनवर त्यांच्याकडून म्हणून घ्या, जिथे गाळतील तिथे थांबवा. या यादीला ठरावीक चार शब्दांपलीकडे इंग्रजी लागत नाही, तुम्हालाही पाठ होईल.

तुम्ही लिहिलंत की कंपन्यांना माणसाची पर्वा नाही, स्वस्तात हात हवेत. मोठ्या ट्रकलोड कंपन्यांत २०१० च्या दशकात वर्षाला ९० टक्क्यांच्या आसपास ड्रायव्हर बदलत होते, हे त्यांच्याच संघटनेचे आकडे. अशी गळती असलेल्या धंद्यात शाळा सतत भरतीच राहते आणि एक माणूस गेला तर त्यांचं फारसं अडत नाही. हे मान्य. पण यावरून "जाऊच नका" इथपर्यंत मी येणार नाही, कारण ज्याच्याकडे चार-पाच हजार डॉलर फी भरायला नाहीत त्याच्यासाठी ही वाट खरी आहे आणि त्या वाटेने जाऊन घर सावरलेली माणसं मला माहीत आहेत.

फक्त तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत आधी दुसरं एक दार वाजवून बघा. त्यांना कामावरून कमी केलंय ना, मग तुमच्या राज्याच्या रोजगार केंद्रात, ज्याला बऱ्याच ठिकाणी अमेरिकन जॉब सेंटर म्हणतात, तिथे जाऊन विओआ (WIOA) फंडाबद्दल विचारा. २०१४ च्या कायद्यातला हा पैसा आहे, नोकरी गेलेल्यांना नवं काम शिकायला मिळतो आणि यादीतल्या कम्युनिटी कॉलेजची किंवा खाजगी शाळेची सीडीएलची, म्हणजे ट्रकच्या लायसन्सच्या ट्रेनिंगची, फी त्यातून भरली जाऊ शकते. वर्षभराचा करार नाही, घरून जाऊन-येऊन शिकता येतं, नापास झाले तर पुन्हा टेस्ट, डोक्यावर कर्ज नाही. वेळ लागतो, कागदपत्रं मागतात, आणि शाळेत नाव घालायच्या आधी मंजुरी घ्यावी लागते, नंतर मागितलं तर बहुतेक वेळा मिळत नाही. एक बघा, तिथे ऑटोमॅटिक ट्रकवर टेस्ट दिली तर लायसन्सवर मॅन्युअल न चालवण्याची अट येते, आजकाल बहुतेक मोठ्या कंपन्यांना ते चालतं, तरी विचारून ठेवा.

तिथे नाहीच जमलं आणि कंपनीच्याच शाळेत जायचं ठरलं, तर निघायच्या आधी करारातलं पैसे परत करण्याचं पान नावं-पत्ते झाकून मला ईमेल करा. दिरांच्या करारातलंही पाठवा. मी वकील नाही, पण असे बरेच कागद वाचलेत, खटकेल ते खुणा करून परत पाठवतो, म्हणजे वकिलाकडे जाताना काय विचारायचं ते तुमच्या हातात असेल.