पोर कुठून निघालं आणि कुठं पोचलं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तळमळीनं लिहिलेली आहे, म्हणून दोन ओळींत आभार मानून सोडून द्यावीशी वाटली नाही. सोलापुरातल्या चर्चच्या एका मराठी शाळेतल्या प्राथमिक वर्गांचं मी गेल्या लेखात कौतुक केलं. त्यावर तुमचं म्हणणं असं की, या शाळा जुन्या नावावर चालतात, दहावीला नव्वदीपार जाणारी मुलं तिथं दिसत नाहीत, शेजारच्या इंग्रजी शाळेचा निकाल मात्र शंभर टक्के लागतो, आणि या मराठी शाळेत निम्मा वेळ प्रार्थनेतच जातो.

जुन्या नावाबद्दल आपलं भांडण नाही. अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेनं गेल्या शतकाच्या सुरुवातीला सोलापुरात बालवाडी चालवली, याचा मला सोलापूरकर म्हणून अभिमान आहे. पण त्या पुण्याईवर आजच्या दुसरीतल्या पोराला वाचता येत नाही.

प्रार्थनेचं म्हणाल तर ती सकाळी परिपाठाच्या वेळी होते आणि तास वेळेवर सुरू होतात. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही, हे राज्यघटनेच्या 28व्या कलमात स्पष्ट आहे. कुणाला नको असेल त्यानं मुख्याध्यापकांना तसं लिहून द्यावं.

खरा मुद्दा निकालाचा. शंभर टक्के निकाल ऐकला की मी एकच विचारते: नववीत किती मुलं होती आणि दहावीला त्यातली किती बसली? कच्ची मुलं नववीत अडवायची, पालकांना बोलावून ‘दाखला घ्या, 17 नंबरचा फॉर्म भरा’ (म्हणजे बाहेरून परीक्षेला बसा) म्हणायचं आणि मग निकालाचा फलक चौकात लावायचा, हे सगळे शिक्षक जाणतात. मी महापालिकेच्या शाळेत आयुष्यभर शिकवलं. असली काढून टाकलेली पोरं आमच्याकडं यायची, त्यामुळं हे ऐकीव सांगत नाही. शिवाय दहावीच्या शंभरातले वीस गुण अंतर्गत असतात आणि टक्के काढताना सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरतात. त्या टक्केवारीतून मुलाबद्दल थोडंफार कळतं, शाळेनं त्याच्यासाठी काय केलं ते फारच कमी कळतं. ज्याच्या घरी आईबाप दोघं पदवीधर आणि संध्याकाळी दोन शिकवण्या, त्याच्या नव्वद टक्क्यांचं किती श्रेय शाळेला द्यायचं?

या चर्चच्या शाळेत मी ज्या वर्गात जाऊन बसते तिथली बरीच मुलं सोलापूरच्या पूर्व भागातली. घरात तेलुगू, वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. मराठी त्यांना गल्लीत ऐकून थोडी समजते, पण पुस्तकातली मराठी परकीच. पावसाळ्यात दुसरीतली एक मुलगी धडा घडाघडा म्हणत होती. बाईंनी वरच्या ओळींवर कोरा कागद ठेवला आणि खालच्या एका शब्दावर बोट टेकवलं. मुलगी गप्प. धडा पाठ होता, वाचता एक शब्द येत नव्हता. बाईंनी तिला जवळ बसवून घेतलं आणि वहीत नोंद केली: ‘पाठ म्हणते. भ-ब, घ-ग एकच ऐकू येतात. जोडाक्षराशी थांबते.’

ही नोंद तुम्हाला किरकोळ वाटेल. पण आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकता शिकता वर्षभर होणाऱ्या तपासणीच्या, वर्णनात्मक नोंदी बहुतेक ठिकाणी कशा भरल्या जातात ते मला ठाऊक आहे. तयार यादीतून ‘वाचन स्पष्ट करतो’, ‘उपक्रमात सहभाग घेतो’ अशी वाक्यं उतरवायची, की झाली प्रगती. या बाईंच्या नोंदीवरून उद्या काय शिकवायचं ते ठरतं. रोजच्या तेलुगू बोलण्यात ख, घ, भ हे महाप्राण बरेचदा हलके होतात, म्हणून ती मुलं भाकरीला ‘बाकरी’ लिहितात. तिथं लाल रेघ मारून ‘शुद्धलेखन सुधारा’ म्हटल्यानं काय सुधारणार? बाई भात-बात, घडी-गडी, खण-कण अशा जोड्या म्हणून घेतात, तोंडासमोर तळहात धरून श्वासाचा झोत जाणवून देतात, मग लिहायला लावतात. ‘माझा पुस्तक’, ‘आई आला’ हेही तसंच. तेलुगूत लिंगाची व्यवस्था निराळी, त्यामुळं त्या चुका हसण्यावारी नेण्याच्या नाहीत.

‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या देशव्यापी पाहणीत अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांनी मुलाचं वाचन तपासतात. ती पाहणी ग्रामीण भागापुरती असते, पण तपासायची पद्धत कुणालाही वापरता येते, म्हणून मी तीच वापरते. मार्चमध्ये त्याच मुलीपुढं मी न पाहिलेला परिच्छेद ठेवला. अडखळत का होईना, तिनं तो वाचला. ‘भांडं’ला आधी ‘बांडं’ म्हणाली, थांबली आणि कुणी न सांगता स्वतःच दुरुस्त केलं. अक्षरावर अडलेलं पोर नऊ महिन्यांत इथवर आलं, याला मी उत्तम शिकवणं म्हणते, आणि त्या मताला मी चिकटून आहे.

आता तुमची एक तक्रार मात्र पूर्ण खरी आहे. आठवी-नववीचं गणित या शाळेत ढिलं आहे. मुलं वजाबाकीत हातचा विसरतात आणि फळ्यावर बहुपदी चालू असते. पटसंख्या घटली की संचमान्यतेत, म्हणजे सरकार शाळेला शिक्षकांची पदं मंजूर करतं त्यात, पदं कमी होतात, एकाच शिक्षकावर गणित आणि विज्ञान दोन्ही येतं, ही अडचण मला समजते. पण घटनेच्या 30व्या कलमानं अल्पसंख्याक संस्थेला आपली शाळा आपल्या पद्धतीनं चालवण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क हाती असताना दुसरीच्या बाईंची वही आठवीच्या गणितापर्यंत का पोचत नाही? पाचवीत मुलगा भागाकारात नेमका कुठं अडतो हे लिहिलेलं असेल, तर सहावीच्या सरांना जूनमध्येच ते वाचता यावं. तशी वही वर्गाबरोबर वर सरकत नाही. हे मी मुख्याध्यापकांना भेटून सांगितलं आहे.

तुम्ही स्वतः त्या शाळेचे पालक आहात असं लिहिलंय. मग पुढच्या पालक-शिक्षक सभेत टक्क्यांऐवजी हे विचारा: माझ्या मुलाला जूनमध्ये काय येत नव्हतं, आता काय येतं, आणि ते कुठं लिहून ठेवलंय? काय उत्तर मिळतं ते इथं जरूर कळवा.