मंगळवार आणि शुक्रवार, रात्री साडेआठ ते दहा

दोन वर्षं मी घरात एक गोष्ट लपवून करत होते. सगळे झोपले की लॅपटॉप उघडायचा आणि एक-दीडपर्यंत कोड लिहीत बसायचं. ऑफिसचा नव्हे, माझा स्वतःचा. रस्ट नावाची प्रोग्रामिंगची भाषा शिकत होते. दिवसभर नोकरीत प्रोग्रामिंग करून रात्री पुन्हा तेच कशाला, हे कुणाला समजावत बसायचं, म्हणून सांगितलंच नाही. सकाळी डोळे चुरचुरायचे. मुलीला शाळेसाठी उठवताना विनाकारण आवाज चढायचा. आदल्या दिवशी मीच केलेल्या बदलाबद्दल मीटिंगमध्ये कुणी विचारलं, तर क्षणभर काही आठवायचंच नाही.

एका रात्री मुलीला ताप होता. ती हाका मारत होती आणि माझ्या कानांत हेडफोन. नवरा झोपेतून उठून तिच्याजवळ गेला. मी पाणी प्यायला उठले तेव्हा तो तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होता. दुसऱ्या दिवशी मी त्याला सगळं सांगून टाकलं. कोड लिहिण्याबद्दल त्याची तक्रार नव्हतीच. "लपवलंस कशाला?" एवढंच त्याने विचारलं.

त्या प्रश्नाचं खरं उत्तर मला बऱ्याच दिवसांनी सापडलं. ही हौस हा माझा हक्क आहे, असं मला स्वतःलाच वाटत नव्हतं. नोकरी कर्तव्य, घर कर्तव्य, आणि त्यातून उरलेलं ते माझं. उरत तर काहीच नव्हतं, म्हणून मी झोपेतून घेत होते.

आमच्या क्षेत्रात हौसेच्या प्रकल्पांच्या गोष्टी फार कौतुकाने सांगतात. गिडो व्हान रॉसम यांनी 1989 च्या डिसेंबरात, नाताळच्या आठवड्यात, विरंगुळा म्हणून पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा लिहायला घेतली. लिनस टोरवाल्ड्स यांनी 25 ऑगस्ट 1991 रोजी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची पहिली वर्दी दिली, तीही 'नुसती हौस' म्हणूनच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मलाही आवडतात. पण व्हान रॉसम यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की त्या आठवड्यात ऑफिस बंद असणार होतं आणि हाताशी दुसरं फारसं काही नव्हतं. टोरवाल्ड्स तेव्हा 21 वर्षांचे विद्यार्थी होते. गोष्ट सांगताना हे तपशील गळून जातात, आणि मग लहान मूल किंवा आजारी आई-वडील सांभाळणाऱ्या प्रोग्रामरला वाटत राहतं की आपल्यातच काहीतरी कमी आहे.

त्याहून मला राग येतो तो मुलाखतीत "बाजूला काय करता?" असं विचारून गुण देणाऱ्यांचा. प्रोग्रामर आपला कोड ठेवतात त्या गिटहब या साइटवर पूर्वी सलग किती दिवस कोड टाकला याचा आकडा दिसायचा. 2016 मध्ये त्यांनी तो काढून टाकला, ते फार चांगलं केलं. पण तो आकडा अजून लोकांच्या डोक्यातून गेलेला नाही. हौस नोकरीच्या अर्जात भरायची असेल तर ती बिनपगारी दुसरी नोकरी झाली. ज्यांच्या घरचं काम दुसरं कुणीतरी करतं, त्यांनाच ती परवडते. मी स्वतः मुलाखती घेते तेव्हा हा प्रश्न विचारत नाही. आमच्या टीममधल्या बाकीच्यांनीही तो सोडावा, असं मी स्पष्ट सांगितलं आहे.

तर, लपवणं संपल्यावर आम्ही दोघं बसलो आणि वेळ वाटून घेतला. मंगळवार आणि शुक्रवार रात्री साडेआठ ते दहा माझे. त्या वेळात मुलगी, दार, फोन सगळं त्याच्याकडे. बुधवारी आणि रविवारी सकाळी तो पळायला जातो, तेव्हा सगळं माझ्याकडे. ऑन-कॉलचा आठवडा असेल तेव्हा माझी हौस बंद. मध्यरात्री सर्व्हर पडला म्हणून उठावं लागलेली बाई दुसऱ्या दिवशी कुणाच्याच कामाची राहत नाही, हे मी अनुभवाने शिकले आहे.

दीड तास ऐकायला कमी वाटतो, मलाही वाटला होता. पहिले काही आठवडे तर मागच्या वेळी कुठे होतो हे शोधण्यातच अर्धा तास जायचा. मग मी एक सवय लावून घेतली: उठताना मुद्दाम एक टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारा छोटा प्रोग्राम) नापास अवस्थेत सोडायची आणि तिच्यावर कॉमेंटमध्ये दोन ओळी लिहायच्या, पुढे काय करायचंय ते. लॅपटॉप उघडला, टेस्ट चालवली की लाल ओळ बरोबर त्या जागी नेऊन सोडते. आता ऑफिसातही हेच करते.

आणि प्रकल्प बदलला. आधी मी एक डेटाबेस लिहायला घेतला होता. तो दीड तासाच्या तुकड्यांत मावणारा नव्हता, जड मनाने सोडला. आता चिप-8 चा एम्युलेटर, म्हणजे आजच्या संगणकावर तिची नक्कल करणारा प्रोग्राम, लिहिते आहे. चिप-8 ही 1970 च्या दशकातली अगदी छोटी यंत्रणा. सूचना अवघ्या 35, मेमरी 4 किलोबाइट, पडदा 64 गुणिले 32 ठिपक्यांचा, कळा 16. एका बैठकीत एक-दोन सूचना लिहून, तपासून होतात.

चिप-8 जोसेफ वाइसबेकर या अभियंत्याने तयार केली. त्यांच्याबद्दल वाचताना मी थांबलेच. आरसीए कंपनीत नोकरी करणाऱ्या या माणसाने स्वतःचा संगणक घरी जुळवला होता, आणि त्यांची मुलगी जॉइस त्यावर खेळता खेळता प्रोग्रामिंग शिकली. 1976 मध्ये, विशीही ओलांडलेली नसताना, तिने आरसीएच्या व्हिडिओ गेमसाठी पैसे घेऊन प्रोग्राम लिहिले. वडिलांची हौस त्या घरात सगळ्यांसमोर मांडलेली होती. मी मात्र माझी हौस रात्री दार लावून करत होते.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी मुलीला शेजारी बसवलं. चिप-8 मध्ये चित्र म्हणजे एकाखाली एक ओळींत भरलेले ठिपके. चौकटीची वही घेतली. भरलेली चौकट एक, रिकामी शून्य; डावीकडून पहिल्या चौकटीची किंमत 128, पुढे दर चौकटीला निम्मी. शून्याचा आकडा काढायला पाच ओळी लागतात: 240, 144, 144, 144, 240. ती सात वर्षांची आहे. पहिल्या ओळीतल्या चार भरलेल्या चौकटींचे 128, 64, 32 आणि 16 तिने बोटांवर आणि कागदावर मिळून जोडले, आणि 240 आलं तेव्हा उठून बाबांना सांगायला धावली. मग तिने आपल्या नावाचं पहिलं अक्षर काढलं. ते पडद्यावर उलटं आलं, कारण मी बिट, म्हणजे ते एक-शून्य, उजवीकडून वाचत होते. चूक तिने दाखवली, मी दुरुस्त केली.

एक गोष्ट अजून जमलेली नाही. मी लिहिलेली एक छोटी लायब्ररी, म्हणजे इतरांना आपल्या प्रोग्राममध्ये वापरता येणारा तयार कोड, काही अनोळखी लोक वापरतात, आणि "हे अजून दुरुस्त का नाही?" असे निरोप रविवारीसुद्धा येतात. वाचले की मन तिकडे जातं. 2024 च्या मार्चमध्ये फाइली आकसून लहान करणाऱ्या एक्सझेड या लायब्ररीत कुणीतरी चोरदार, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट, घालून ठेवलेलं सापडलं, तेव्हा मी तिचा जुना पत्रव्यवहार वाचला. वर्षानुवर्षं ती सांभाळणाऱ्या माणसाने 2022 मध्येच आपल्या मानसिक तब्येतीबद्दल लिहिलं होतं, आणि हा बिनपगारी हौसेचा प्रकल्प आहे याची आठवण करून दिली होती. तरी घाई करणारे थांबले नाहीत. पुढे मदतीला आलेल्या ज्या माणसाच्या हाती कारभार गेला, त्यानेच घात केला. तो पत्रव्यवहार वाचून मला रडू आलं. माझ्या लायब्ररीच्या पहिल्याच पानावर मी आता लिहिलंय: उत्तर आठवड्यातून एकदा मिळेल. घाई असेल त्याने कोड घ्यावा आणि स्वतः बदलावा, परवाना तेवढ्यासाठीच खुला आहे.

चिप-8 च्या 35 पैकी 32 सूचना झाल्या. कळा वाचायच्या सूचना राहिल्यात. या आठवड्यात मी ऑन-कॉल आहे, म्हणून वही बंद. पुन्हा कधी बसायचं, असं मुलीने काल विचारलं. मी तारीख सांगितली. तिने ती वहीच्या कोपऱ्यात लिहिली आणि खाली मला सही करायला लावली.