ग्रेट केपल बेटाची शांतता कोणामुळे? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

ग्रेट केपल बेटाच्या एका दिवसाच्या सहलीवरील माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मी आपली आभारी आहे. आपण स्वतः तारकर्लीजवळ न्याहारी-निवास चालवता, हे आपण लिहिले आहे. पर्यटनावर ज्याचे घर चालते अशा माणसाचा हा आक्षेप आहे, तेव्हा त्याला नीट उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

इतर वाचकांसाठी आपले म्हणणे थोडक्यात सांगते. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातील या बेटावर सकाळच्या बोटीने जाऊन संध्याकाळच्या बोटीने परतणाऱ्या बाईने, बंद पडलेल्या रिसॉर्टच्या शेजारच्या वाळूत बसून, ‘इथे गर्दी नाही हेच या बेटाचे वैभव आहे’ असे लिहावे, म्हणजे दुसऱ्याच्या बुडालेल्या धंद्यावर आपली सुट्टी साजरी करणे होय, असे आपल्याला वाटते. मोठे रिसॉर्ट उभे राहिले असते तर शेकडो लोकांना काम मिळाले असते, पण पर्यावरणवाद्यांनी ते होऊ दिले नाही, असाही आपला आरोप आहे. आणि दिवसाचे पर्यटक घरून डबा घेऊन जातात आणि रिकामा डबा घेऊन परततात, बेटाच्या पदरात काहीच पडत नाही, असे आपण शेवटी लिहिले आहे.

‘इथे गर्दी नाही हेच या बेटाचे वैभव आहे’ हे वाक्य माझेच आहे आणि मी त्यावर ठाम आहे. मात्र ती शांतता कुठून आली, हे लेखात विस्ताराने आले नव्हते, आणि आपल्या आक्षेपाचे मूळ तिथेच आहे.

पर्यावरणाचा मुद्दा आधी घेते, कारण तो तारखांवरूनच निकालात निघतो. बेटावरचे जुने रिसॉर्ट २००८ मध्ये बंद झाले. त्याआधी ते टॉवर होल्डिंग्ज या कंपनीने विकत घेतले होते आणि तिथे अतिशय मोठा प्रकल्प उभारण्याचा तिचा बेत होता. पहिला आराखडा २००९ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री पीटर गॅरेट यांनी फेटाळला, हे खरे आहे. ग्रेट बॅरिअर रीफचा प्रदेश १९८१ पासून जागतिक वारसास्थळ आहे आणि हे बेट त्याच प्रदेशात येते, त्यामुळे केंद्राची संमती आवश्यकच होती. परंतु कंपनीने आराखडा छोटा करून पुन्हा सादर केला आणि २०१३ मध्ये मंत्री टोनी बर्क यांनी त्याला अटींसह मंजुरी दिली. या ‘छोट्या’ आराखड्यात २५० खोल्यांचे हॉटेल, ७५० व्हिला, ३०० सदनिका, २५० बोटींची गोदी आणि गोल्फचे मैदान होते. खर्चाचा अंदाज सुमारे ६० कोटी डॉलर होता. म्हणजे २०१३ पासून मंजुरी हातात होती. त्यानंतरच्या दहा वर्षांत तिथे त्या हॉटेलची एक खोलीही उभी राहिली नाही. खाण उद्योगातील जीना राइनहार्ट यांच्या कंपनीने बेट घेण्याची तयारी दाखवली होती. ऑस्ट्रेलियातील सर्वांत श्रीमंत व्यक्तींमध्ये गणल्या जाणाऱ्या या बाईंनीही २०२२ मध्ये माघार घेतली. अखेर २०२३ मध्ये राज्य सरकारने रिसॉर्टच्या सरकारी जमिनीचे कंपनीकडचे भाडेपट्टे रद्द केले. एवढ्या काळात कोणत्याही पर्यावरणवाद्याने कोणाचा हात धरून ठेवलेला नव्हता.

मग अडले कुठे? इथे आपला अनुभव माझ्यापेक्षा मोठा आहे, त्यामुळे खर्चाचे गणित आपल्याला चटकन कळेल. बेट किनाऱ्यापासून सुमारे १५ किलोमीटरवर आहे. येपून गावाजवळच्या रॉसलिन बे बंदरातून बोटीने अर्धा तास लागतो. बेटावर धक्का नाही. बोट सरळ फिशरमन्स बीचच्या वाळूत नाक खुपसते, पुढून शिडी खाली सोडली जाते आणि माणसे चपला हातात घेऊन पाण्यातून वर येतात. मी गेले त्या दिवशी माझ्यापुढे एक गृहस्थ बिअरची आणि पावाची खोकी एकेक करून खालच्या माणसाच्या हातात देत होते. आम्ही ज्या उपाहारगृहात दुपारी जेवलो, तिथले सामान तेच होते. एका छोट्या उपाहारगृहाचे सामान असे हातोहात उतरवता येते. २५० खोल्यांच्या चादरी, सिमेंट, गॅस, डिझेल आणि उलट दिशेने जाणारा कचरा यांसाठी तराफे लागतात, भरती-ओहोटीची वेळ साधावी लागते, आणि वारा उठला की ते काम थांबते. वीज तिथेच तयार करायची, पाणी तिथेच शोधायचे, सांडपाणी तिथेच शुद्ध करायचे, आणि हे सर्व ऑस्ट्रेलियातील मजुरीच्या दराने. राज्य सरकारने वीज-पाण्याच्या सोयींसाठी सुमारे ३ कोटी डॉलर देऊ केले, ते याच कारणाने. कारण त्या पायाभूत सोयींवाचून गुंतवणूकदार पुढे सरकेना.

सिंधुदुर्ग किल्ल्यावरच्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आपण पाहुण्यांना नक्कीच दाखवत असाल. चारी बाजूंनी समुद्र असलेल्या जागी माणसाची वस्ती टिकते ती पाण्यावर, हे मालवणच्या माणसाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

त्यात चक्रीवादळे आहेत. २०१५ च्या फेब्रुवारीत मार्सिया हे पाचव्या श्रेणीचे वादळ याच किनाऱ्यावर आदळले आणि येपून-रॉकहॅम्प्टन परिसराची दैना झाली. उत्तरेकडच्या डंक बेटावरील प्रसिद्ध रिसॉर्ट २०११ मध्ये यासी वादळाने मोडले. साउथ मोल बेटावरील रिसॉर्ट २०१७ मध्ये डेबी वादळाने उद्ध्वस्त केले. प्रत्येक वादळानंतर विम्याचा हप्ता वाढतो. केंद्र सरकारने २०२२ मध्ये चक्रीवादळांसाठी पुनर्विम्याची (म्हणजे विमा कंपन्यांच्याच विम्याची) योजना सुरू केली, पण छोट्या व्यवसायांसाठी तिची मर्यादा ५० लाख डॉलरच्या विमा रकमेपर्यंत आहे. एखाद्या मुक्कामी निवासाला तिचा उपयोग होईल. शेकडो खोल्यांच्या प्रकल्पाला ती लागूच होत नाही. आणि पाहुणे? बेटाजवळचे विमानतळ असलेले शहर रॉकहॅम्प्टन, आणि ते ब्रिस्बेनहून ६०० किलोमीटरहून अधिक दूर आहे. विमानाचे भाडे, बोटीचे भाडे आणि बेटावरच्या खोलीचे भाडे यांची बेरीज केल्यावर बाली किंवा फिजी स्वस्त पडते, असे हिशेब आमच्या ब्रिस्बेनच्या मराठी मित्रमंडळीत दर मोठ्या सुट्टीच्या आधी मांडले जातात. क्वीन्सलँडचेच हॅमिल्टन बेट चालते, कारण त्याला स्वतःचा विमानतळ आहे आणि सिडनी-मेलबर्नहून मोठी विमाने थेट तिथे उतरतात. ग्रेट केपलवर छोट्या विमानांपुरती धावपट्टी होती. तिच्या कडेने मी चालले, तेव्हा तिच्यावर गवत होते.

आता मला जे मुख्यतः सांगायचे आहे, त्याकडे येते. आपण तारकर्लीचे उदाहरण देऊन विचारले आहे की, ‘आम्ही वाळूच्या पट्टीवर चार खोल्या बांधून संसार उभा केला, मग तुमच्या श्रीमंत देशाला एक बेट का चालवता येऊ नये?’ हा प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवतो, कारण त्याचे उत्तर जमिनीच्या मालकीत आहे. आपल्याकडे माडाच्या वाडीत ज्याचे घर आहे, त्यानेच पडवीला लागून दोन खोल्या काढल्या, पुढे चार केल्या. घरातली माणसेच सोलकढी करतात, मासळी आणतात, पाहुण्यांना बोटीवर नेऊन सोडतात. एखादा हंगाम बुडाला, करोनासारखी दोन वर्षे गेली, तरी घर जागेवर राहते, वाडी जागेवर राहते, आणि पुढच्या दिवाळीत पुन्हा फोन वाजू लागतो. गावातल्या एका घराने व्यवसाय सोडला तर शेजारचे घर चालू असते.

ग्रेट केपलवर याच्या नेमके उलट झाले. रिसॉर्टची जमीन सरकारने एकाच भाडेपट्टेदाराकडे दिली. त्याने चालवले तर बेट चालणार, त्याने कुलूप लावले तर बेटाला कुलूप. पुन्हा त्या भाडेपट्ट्याची किंमत तिथे आज किती पाहुणे येतात यावरून ठरत नव्हती. उद्या किती व्हिला बांधून विकता येतील, यावरून ठरत होती. त्यामुळे जुन्या खोल्यांची दुरुस्ती करून त्या चालू ठेवण्यापेक्षा त्या बंद ठेवून मोठ्या मंजुरीची वाट पाहणे मालकाला अधिक सोयीचे झाले. २००८ मध्ये ज्यांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांच्या नोकऱ्या शांतताप्रिय पर्यटकांनी घेतल्या नाहीत. साठ कोटी डॉलरच्या स्वप्नासाठी चालता धंदा थांबवला गेला, तेव्हा त्या गेल्या. मी लेखात तारेच्या कुंपणामागचे पडके छत आणि ‘प्रवेश निषिद्ध’ची पाटी यांचा उल्लेख केला, त्यात आनंदाचा भाव नव्हता. ते दृश्य पाहून मला रागच आला होता.

हे एकट्या ग्रेट केपलपुरते नाही. लिंडेमन बेटावरील रिसॉर्ट २०१२ मध्ये बंद झाले, ब्रॅम्प्टनवरचे त्याच सुमारास बंद झाले. डंक बेट यासीनंतर एका मालकाकडून दुसऱ्याकडे विकले जात राहिले. ही यादी इतकी लांबली की क्वीन्सलँडच्या विधिमंडळाच्या समितीला बेटांवरील रिसॉर्टांच्या दुरवस्थेची स्वतंत्र चौकशी करावी लागली. भाडेपट्टा घ्यायचा, काही करायचे नाही आणि जागा अडवून ठेवायची, या प्रकाराची तिथे उघड चर्चा झाली. २०२३ मध्ये ग्रेट केपलचे पट्टे रद्द झाले, याचे मला म्हणूनच समाधान वाटते.

‘बेटावरील स्थानिक लोकांचा विचार करा’ असेही आपण लिहिले आहे. तो विचार करायचा तर तो २००८ पासून सुरू करून भागत नाही. या बेटाचे लोक म्हणजे वोप्पाबुरा. एकोणिसाव्या शतकात तिथे मेंढपाळ आले, त्यांच्या जमिनी आणि माणसे दोन्ही नष्ट होत गेली, आणि १९०२ मध्ये जे थोडे उरले होते त्यांना बेटावरून हलवण्यात आले. त्यांच्या वंशजांना आपला पारंपरिक हक्क न्यायालयातून मान्य करून घेण्यासाठी २०२१ चा डिसेंबर उजाडावा लागला. आज बेटाविषयीच्या सरकारी कागदांत वोप्पा हे नाव ग्रेट केपलच्या जोडीने येते. बेटावर पुढे काय उभे राहावे, हे ठरवताना त्यांचा शब्द आता डावलता येणार नाही, आणि रोजगाराचा प्रश्न निघालाच तर त्यात पहिला वाटा त्यांचा असला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

डब्याबद्दल. माझ्यासोबत थालीपीठे होती, हे मी लेखातच लिहिले होते आणि आपण ते बरोबर पकडलेत. तरीही दिवसाच्या पर्यटकामुळे बेटाला काही मिळत नाही, हे मला मान्य नाही. बोट कंपनीने रोज फेरी ठेवावी, एवढी माणसे त्या फेरीला मिळतात ती मुख्यतः दिवसाच्या पर्यटकांमुळे. ती फेरी नसेल तर बेटावरची उरलेली दोन-चार छोटी मुक्कामाची ठिकाणे आठवडाभरात अडचणीत येतील, कारण त्यांचे पाहुणे आणि कर्मचारी त्याच बोटीने ये-जा करतात आणि त्यांचे बरेचसे सामानही. आपल्याकडेही सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणारा माणूस तासा-दीड तासात परततो, पण त्याच्यामुळे होडीवाला टिकतो, आणि होडीवाला टिकतो म्हणून मालवणला मुक्काम करण्याला अर्थ येतो. बेटावर आम्ही जेवलो, काचेच्या तळाच्या बोटीचे तिकीट काढले, पाण्याखाली पाहण्यासाठी चष्मे भाड्याने घेतले. हे पैसे दूरच्या कोणत्या मुख्यालयात गेले नाहीत. ज्या बाईंनी चष्मे बादलीतल्या पाण्यात विसळून आमच्या हातात दिले, त्यांच्याच गल्ल्यात गेले.

त्या काचेखाली जे दिसते, तेही रिसॉर्टइतकेच हलाखीतून गेले आहे. बेटाच्या दक्षिणेला फिट्झरॉय नदी समुद्राला मिळते. तिचे खोरे सुमारे १,४२,००० चौरस किलोमीटरचे, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ निम्म्याएवढे आहे. २०११ च्या महापुरात या नदीचे गोडे, गढूळ पाणी केपल बेटांभोवती पसरले आणि उथळ पाण्यातील पुष्कळ प्रवाळ मेले. त्याआधी २००६ मध्ये आणि नंतर २०२० व २०२४ मध्ये समुद्राच्या उष्णतेने प्रवाळ पांढरे पडले. मंकी बीचजवळ मला हरणाच्या शिंगांसारख्या फांद्यांचे प्रवाळ पुन्हा वाढताना दिसले, काही ठिकाणी नुसता चुरा दिसला. २५० बोटींच्या गोदीसाठी अशा पाण्याचा तळ खणावा, याला माझा विरोध आहे, आणि तो मी यापुढेही लिहीत राहीन.

म्हणून आपण मला ‘तिथे काहीच होऊ नये असे वाटणाऱ्यांच्या’ रांगेत बसवलेत, ते मला मान्य नाही. तिथे धक्का व्हावा, म्हाताऱ्या माणसांना गुडघाभर पाण्यातून चढावे लागू नये. पाणी आणि सांडपाण्याची व्यवस्था सरकारने आधी उभी करावी आणि तिचा खर्च एका कंपनीच्या गळ्यात न घालता सर्वांत वाटावा. जमिनीचे पट्टे लहान तुकड्यांत, अल्प मुदतीचे आणि चालवण्याच्या अटीवर द्यावेत. दोन वर्षे दार बंद राहिले तर पट्टा परत जावा. वोप्पाबुरा कुटुंबांना त्यात प्राधान्य असावे. इमारती अशा असाव्यात की वादळाने छप्पर नेले तर महिनाभरात ते पुन्हा घालता येईल. थोडक्यात, आपण तारकर्लीला जे करता, त्याच्या जवळचे काही तिथे व्हावे, असे मला वाटते, आणि आपल्या प्रतिक्रियेत मोठ्या रिसॉर्टची बाजू आपण का घेतलीत, याचेच मला आश्चर्य वाटले. आपल्या किनाऱ्यावर उद्या अशी एखादी कंपनी साऱ्या वाड्या एकत्र घ्यायला आली, तर आपण तिला हो म्हणाल, असे मला वाटत नाही.

आपल्या सूचनेनुसार लेखाच्या शेवटी बेटावर आज चालू असलेल्या मुक्कामाच्या ठिकाणांची आणि बोटीच्या वेळांची माहिती जोडत आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा कोरडी आणि समुद्र बराच निवळ असतो. मुलांच्या शाळेच्या सुट्ट्या टाळून मधल्या वारी गेल्यास खोली सहज मिळते आणि त्या लोकांना गिऱ्हाइकाची खरी गरजही तेव्हाच असते. पुढच्या वेळी आम्ही तिथे रात्री राहणार आहोत.

आपली,
लेखिका