सर्व्हिस चार्ज म्हणजे वाढप्याचा पगार नव्हे

आमच्या यवतमाळकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: "हॉटेलच्या बिलातला १० टक्के सर्व्हिस चार्ज मुकाट्याने भरा. तो कायद्यानेच द्यावा लागतो. सगळा वाढणाऱ्या गरीब पोरांना जातो. अमेरिकेत तर २० टक्के देतात. परवडत नसेल तर घरीच जेवा." पोरांचं नाव घेतलंय म्हणून तो पटकन पटतो.

आधी कायद्याचं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ लाच सांगितलं, की हा चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, दुसऱ्या नावानेही नाही. २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. जीएसटी सरकारचा, सर्व्हिस चार्ज मालकाचा. हजाराच्या जेवणावर शंभर चार्ज लावला, की ५ टक्के जीएसटीही अकराशेवर लागतो आणि बिल ११५५ होतं.

"सगळा पोरांना जातो" हे कोणी पाहिलं? ताडोब्याच्या वाटेवरचा रिसॉर्ट घ्या की हायवेवरचा ढाबा, पैसा आधी गल्ल्यात पडतो. पुढची वाटणी कोणत्याच बिलावर छापलेली नसते. काउंटरवरचा स्कॅनरही मालकाच्याच खात्याचा, त्यामुळे बिलात मिळवून स्कॅन केलेली टीपही तिकडेच जाते. आणि आत चुलीपुढे भाकरी थापणारी मावशी, मोरीवर भांडी घासणारी बाई? त्यांच्यापर्यंत गिऱ्हाईक पोचतच नाही. त्यांना किमान वेतन देणं मालकावर बंधनकारक आहे. तेवढ्यात भागत नसेल तर भाजीचा भाव वाढवून कार्डावर लिहा, आम्ही बघून मागवू. पण मजुरीचा बोजा मालकाने गिऱ्हाइकाच्या दयेवर टाकायचा, हे मला अजिबात मान्य नाही.

अमेरिकेत नेमकं तेच झालं. तिथे टीप घेणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला किमान २.१३ डॉलर द्यायचे, हा केंद्रीय दर १९९१ पासून हललेला नाही. बाकीचं टीपमधून भरून काढतात. असला नमुना आपल्याकडे कशाला आणायचा?

"घरीच जेवा" हे वाक्य मात्र जिव्हारी लागतं. नागपूरला दवाखाना करून परतणारं घर कार्डावरचा भाव बघून, दोन भाज्यांत पाच माणसं बसवून जेवतं. त्यांनी चार्ज काढा म्हटलं तर तो त्यांचा हक्क आहे. मालकाने ऐकलं नाही तर १९१५ वर तक्रार करता येते. पोराने आपुलकीने वाढलं असेल, तर वीस रुपये त्याच्याच हातात द्या.