आठ दिवस, तेवीस पास आणि तो वाकडा लिव्हर

आज सकाळी एका मित्राच्या मुलाने एक्सेल शीट पाठवली, "काका, आल्प्सची बाइक ट्रिप ठरतेय, एकदा नजर टाका." नजर टाकली आणि चहा तसाच गार झाला. आठ दिवस, तेवीस पास (म्हणजे डोंगर ओलांडणारे उंच घाट), रोज साडेतीनशे-चारशे किलोमीटर, सगळी हॉटेलं आत्ताच बुक आणि तीही नॉन-रिफंडेबल, कारण स्वस्त पडतात म्हणे. तारीख काय, तर २२ मेला फ्रान्समधला कोल द लिझराँ! अरे राजा, तो पास २,७६४ मीटरवर आहे, त्या दिवसांत तिथे अजून बर्फ काढायचं काम चालू असतं. उंचावरचे पास मे अखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत कधीही उघडतात, तुझ्या बुकिंगची तारीख बघून नाही.

हे सगळं लिहून पाठवलं तर उत्तर काय, "काका तुम्ही फार घाबरवता, मॅपवर दिवसाचे साडेसहा तासच दाखवतंय."

साडेसहा तास! मॅपला हेल्मेट घालावं लागत नाही, मॅपला मनगटं नसतात.

माझा स्टेल्व्हिओ पासचा किस्सा ज्यांनी ऐकलाय त्यांनी हा परिच्छेद सोडून द्या. इटलीत प्राटो गावाहून वर चढताना ४८ हेअरपिन, म्हणजे उलटं फिरवणारी अरुंद वळणं आहेत, प्रत्येकाला पाटी, आकडे उलटे, खाली ४८ आणि वर १. मी २६ वर पडलो. स्पीड किती? चालत गेलो असतो तर लवकर पोचलो असतो. संध्याकाळचे पाच, धुकं, रस्ता ओला, दिवसभरात तीनशेच्या वर झालेले. तिकडे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची, त्यामुळे उजवं वळण म्हणजे अगदी आतलं, सगळ्यात अवघड. जिकडे जायचं तिकडे बघायचं सोडून मी कडेच्या दगडाकडे बघितलं, बाइक बंद पडली, पाय टेकवायला गेलो तर जमीन चार बोटं खाली. संपलं. दोन्ही पॅनियर (बाजूच्या सामानाच्या पेट्या) भरलेली भाड्याची बाइक उजवीकडे आडवी आणि ब्रेकचा लिव्हर केळ्यासारखा वाकडा.

एक म्हातारा सायकलवाला वर येत होता. स्वतःच्या पायांनी एवढं चढून आलेला माणूस, त्याने सायकल भिंतीला टेकवली, न बोलता मागची बाजू धरली आणि आम्ही दोघांनी बाइक उभी केली. मग माझ्या पॅनियरवर थाप मारली आणि हसला. त्या हसण्याचा अर्थ मला बाकीच्या २५ वळणांत नीट कळला.

आता प्रश्न असा की त्या धुक्यात मी वर जात का होतो? खाली प्राटोतच राहता आलं असतं की. पण पलीकडे बोर्मिओत हॉटेलचे पैसे भरलेले होते ना! म्हणून त्या नॉन-रिफंडेबल शब्दाची मला आजही चीड येते. थोडे युरो वाचवायला माणूस वाट्टेल त्या हवेत घाट चढतो. अशी ट्रिप सेल्फ-गाइडेड, म्हणजे गाइड नाही, म्हणजे "आज नको" म्हणणारंही कोणी नाही, ते तुमचं तुम्हालाच म्हणावं लागतं, आणि म्हणायला प्लॅनमध्ये जागा नको का?

हो, मान्य, सुट्टी मोजकीच मिळते आणि इतक्या लांब परत कधी जाणार हेही खरं. पण म्हणून तेवीस?

बाकी कागदपत्रं तो नीट करेल, पोरगं हुशार आहे. इंटरनॅशनल परमिट, स्वित्झर्लंडच्या हायवेचं ४० फ्रँकचं स्टिकर (बाइकलाही लागतं), सगळं शीटमध्ये आहे. फक्त इन्शुरन्सच्या रकान्यात नुसती बरोबरची खूण आहे. बऱ्याच ट्रॅव्हल पॉलिसीत मोठ्या सीसीची बाइक बसतच नाही, ते बारीक अक्षरातलं वाच रे बाबा.

दुपारी जरा शांत झालो. माझी त्या वेळची वही काढून बघितली. दहा दिवस, एकोणतीस पास. म्हणजे मी त्याच्यापेक्षाही मोठा गाढव होतो, फक्त एक्सेल येत नव्हतं.

मग त्याला परत मेसेज टाकला, या वेळी नीट. जुलै नाहीतर सप्टेंबर बघ. स्वित्झर्लंडमध्ये आंडरमाटला तीन रात्री एकाच ठिकाणी राहा, सामान रूमवर ठेव आणि फुर्का, ग्रिम्सेल, सुस्टेन या तीन पासांचा गोल मारून संध्याकाळी परत ये, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास होतं. रिकाम्या बाइकवर हेअरपिन किती वेगळा लागतो ते बघ. पाऊस आला तर खिडकीत बसून कॉफी पी, पास कुठे पळून जात नाही.

बराच वेळ ब्लू टिक, उत्तर नाही. म्हटलं रुसला.

आत्ता आलंय: "काका, तो वाकडा लिव्हर खरंच आहे का तुमच्याकडे?"

आहे. डिपॉझिटमधून पैसे कापले होते, म्हणून हट्टाने मागून घेतला. टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये आहे, फोटो काढून पाठवतोय.