'परदेशातल्या ठगाचं कुणी काही करू शकत नाही' हे खरं नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गटांत एक संदेश फिरतोय: 'परदेशातून फसवणूक झाली तर तक्रार करू नका. आपल्या पोलिसांना तिथं अधिकार नाही, करार नसेल तर तो देश दाद देत नाही, इंटरपोलशिवाय अटक होत नाही. नंबर ब्लॉक करा, चॅट पुसा, विसरा.' हा सल्ला ऐकणाऱ्याचं दुहेरी नुकसान होतं.

आधी पैशाचं बघू. ठग कंबोडियात बसला असला, तरी रक्कम बहुतेक वेळा आधी भारतातल्याच कुणाच्या तरी भाड्यानं घेतलेल्या खात्यात जाते. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन केला, तर ती पुढं सरकण्याआधी गोठवता येऊ शकते. इथं परदेशाचा संबंधच येत नाही. राहायला निपाणीत आणि खातं कोल्हापूरच्या शाखेत, म्हणूनही अडून राहू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात देता येते.

आपले पोलीस परदेशात जाऊन परस्पर झडती घेऊ शकत नाहीत, एवढं मात्र खरं. त्यासाठीच याच संहितेचं कलम ११२ आहे. तपास अधिकाऱ्यानं अर्ज केला की आपलं फौजदारी न्यायालय त्या देशाला विनंतीपत्र देऊ शकतं. तिथं नोंदवलेला जबाब किंवा मिळालेली कागदपत्रं आपल्याच तपासातला पुरावा मानली जातात. याला वेळ लागतो, कधी वर्षंही जातात, आणि पीडिताला ते फार जड जातं. पण वेळ लागणं वेगळं आणि वाटच नसणं वेगळं.

करार नसला तरी परस्पर सहकार्याची हमी देऊन विनंती करता येते. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतला आरोपी अबू सालेम २००२ मध्ये लिस्बनला पकडला गेला, तेव्हा पोर्तुगालशी आपला प्रत्यार्पण करार, म्हणजे आरोपी सोपवण्याचा करार, नव्हता. फाशी देणार नाही, २५ वर्षांपेक्षा जास्त कैदेत ठेवणार नाही, अशी हमी भारतानं दिली आणि २००५ मध्ये त्याला आणलं.

इंटरपोल स्वतः कुणालाही अटक करत नाही. त्याची रेड नोटीस म्हणजे हव्या असलेल्या माणसाला शोधून ताब्यात घ्या, अशी देशांना केलेली विनंती; ते वॉरंट नव्हे. तिच्यावरून अटक करायची की नाही, हे प्रत्येक देश आपापल्या कायद्यानं ठरवतो.

सगळ्यात घातक म्हणजे चॅट पुसण्याचा सल्ला. चॅट आणि ईमेल चालवणाऱ्या बऱ्याच कंपन्या अमेरिकेतल्या आहेत. अमेरिकेशी फौजदारी सहकार्याचा करार २००५ पासून लागू आहे, पण नेमकं खातं, तारीख, गुन्ह्याशी संबंध दाखवल्याशिवाय तिथून मजकूर मिळत नाही. मोघम विनंती परत येते. हा तपशील तुमच्याच फोनमध्ये असतो. ठगाचा नंबर, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो वेगळा क्रमांक), संपूर्ण चॅट जपून ठेवा आणि तक्रारीसोबत द्या.